हुकामागचं घर

(दृश्य: सकाळचं कोवळं ऊन. शेडबाहेर ओळीनं उभ्या उसाच्या ट्रॉल्या. आतून वेल्डिंगची चरचर.)

दसरा तोंडावर आला की पलूस तालुक्यातल्या या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत ट्रॉली तयार पाहिजे, आणि प्रत्येकाला ती उद्याच पाहिजे. कुणाच्या पाट्याचं पान मोडलंय, कुणाचा पत्रा कुजलाय, कुणी गेल्या हंगामात वाकलेला एक्सल तसाच पावसाळाभर पडू दिला आणि आता आठवण झाली.

शेडचे मालक मामा. खरी भाचरं पाचच, पण मामा म्हणतं अख्खं गाव. तेव्हा आम्हीही मामाच म्हणणार.

(दृश्य: दांडीच्या टोकाची लोखंडी कडी, अगदी जवळून. तिच्यात फिरणारा अंगठा.)

ट्रॉली आली की मामा आधी चाकांकडे बघत नाहीत. दांडीच्या टोकाला जातात, कडीत अंगठा घालतात आणि आतून एक फेरा मारतात. मूळची गोल कडी पिनेवर घासून एका बाजूनं झिजते, लांबट होते. डोळ्याला ते चटकन दिसत नाही, पण अंगठ्याला कळतं. झीज लागली की मामा मालकाकडे फक्त मान वळवून बघतात. मालक समजतो, खर्च वाढला.

या मामांची एक भाची अमेरिकेत असते, कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरजवळ. तिच्या घरी बॅटरीवर चालणारी पिकअप आहे. आता तिला पिकअपच्या मागे लावायचा ट्रेलर घ्यायचाय. झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, सगळं असलेलं चाकांवरचं घर. तोही बॅटरीचा, आणि कालपरवा उभ्या राहिलेल्या कंपनीचा. सल्ला मागितलाय मामांना. तिच्या नवऱ्याला याची गंमत वाटली. आम्हाला नाही वाटली. दांडीनं ओढायच्या वस्तूंमध्ये ज्याची चाळीस वर्षं गेली, त्याला नाही विचारायचं तर कुणाला?

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर पांढरा, गुळगुळीत ट्रेलर. शेजारी मामांचा तेलकट हात.)

तिच्या यादीत दोन नावं आहेत. पहिलं लाइटशिप. ही कंपनी तिच्याच राज्यातली, ब्रूमफील्ड गावची. टेस्लात काम केलेल्या बेन पार्कर आणि टोबी क्राउस या दोघांनी ती काढली. मार्च २०२३ मध्ये त्यांनी पहिला नमुना लोकांपुढे ठेवला, तेव्हा किंमत सांगितली होती सव्वा लाख डॉलर. पुढे पहिली मर्यादित आवृत्ती विकायला काढली, ती अडीच लाख डॉलरला. दुसरं नाव पेबल, कॅलिफोर्नियाचं. ही कंपनी सुरू करणारे बिंगरुई यांग पूर्वी ॲपलमध्ये आयफोनच्या कामावर होते. त्यांचा 'फ्लो' नावाचा ट्रेलर ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाला. त्या वेळची किंमत १,०९,५०० डॉलर, आणि चाकांना मोटर लावलेला हवा असेल तर १,२५,०००. आपल्या पैशात कोटीच्या आसपास किंवा वर. तिकडे साधा, बॅटरीबिटरी नसलेला चांगला ट्रेलर तीस-चाळीस हजार डॉलरला मिळतो, हेही कानाआड करायला नको.

"चाकाला मोटर?" मामांनी पहिल्यांदा काम थांबवलं. "म्हंजे पुढंबी बैल आन् मागंबी बैल? मागनं ढकलणार हाय व्हय ती?"

सगळी मेख याच प्रश्नात आहे.

बॅटरीची पिकअप नुसती पळवली तर एका चार्जिंगमध्ये चार-पाचशे किलोमीटर जाते. मागे उंच, चौकोनी घर लावलं की हा आकडा निम्म्यावर येतो. दोष वजनाचा कमी, वाऱ्याचा जास्त. आपल्याकडे कडब्याचा टेम्पो चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. कडब्याला वजन ते काय, पण हायवेला लागला की टेम्पो वारं धरतो आणि डिझेल पिऊ लागतो. लाइटशिपनं यावर एक बरी युक्ती काढली आहे. रस्त्यावर असताना ट्रेलरचा वरचा भाग खाली बसतो. मुक्कामाला पोचलं की छत वर उचलायचं.

आणि उरलेल्या ओझ्यासाठी मोटर. ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याची चाकं फिरतात आणि पुढच्या गाडीचा ताण हलका करतात. ढकलणं हा त्यामागचा हेतू नाही. हुकावर थोडी ओढ शिल्लक ठेवायची, बाकीचा भार मागच्यानं उचलायचा. मामांनी हे ऐकलं आणि नांगराच्या भाषेत पक्कं केलं. "बैलांचं पटलं पायजे. एकानं वडायचं आन् दुसऱ्यानं रेटायचं, असं झालं की जू मोडतं."

आता हिशेब. तो युनिटात करू, कारण बॅटरी मोजायचा तो किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाइटबिलावरचं युनिटच. लाइटशिपची बॅटरी ७७ युनिटांची, पेबलची ४५. आपल्याकडे पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज एवढंच असलेल्या घराला ७७ युनिटं जवळजवळ महिनाभर पुरतात. म्हणजे घर म्हणून बघितलं तर हा ट्रेलर गडगंज आहे. रातभर एसी लावला तरी आठ-दहा युनिटं जातील. छतावर सोलर आहे, पेबलचं साधारण एक किलोवॅटचं, लाइटशिपचं जवळपास दुप्पट. छत सपाट असल्यामुळे सूर्याकडे तोंड करता येत नाही, तरी चांगल्या उन्हात दिवसाला चार ते आठ युनिटं जमा व्हावीत. डोंगरात, ओढ्याकाठी, ना वायर ना जनरेटरची भकभक, चार दिवस आरामात.

पण हीच बॅटरी चाकांनाही जुंपली, की चित्र बदलतं. पिकअपला एकटीला किलोमीटरमागे साधारण ०.३ युनिट लागतं. ट्रेलर लावल्यावर पल्ला निम्मा होतो, म्हणजे साध्या चौकोनी ट्रेलरचा वाटाही तेवढाच. ७७ भागिले ०.३ केलं तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास गोष्ट संपली. ४५ ची बॅटरी दीडशेला. आकार वाऱ्याला फसवणारा असेल तर आणखी थोडं पुढे. म्हणजे रस्त्यावर ऐट केली तर मुक्कामाला पोचल्यावर घरात अंधार, आणि घरासाठी राखून ठेवलं तर रस्त्यावर मोटर गप्प. एकाच हंड्यातलं पाणी न्हाणीलाही आणि स्वयंपाकालाही. तिकडच्या ट्रेलरतळांवर वीज मिळते. पण १२० व्होल्टचा ३० अँपियरचा साधा पॉइंट तासाला तीन-साडेतीन युनिटांपलीकडे देत नाही. रिकामी मोठी बॅटरी त्यावर भरायची तर अख्खा दिवस गेला.

जाहिरातीत हा हंडा दोनदा मोजलेला असतो, एकदा प्रवासाच्या पानावर आणि एकदा मुक्कामाच्या.

मोटरीचा एक उपयोग मात्र आम्हाला पटला. मामांना तर फारच. पेबलचा मोटरवाला ट्रेलर मोबाइलवरून पुढेमागे हलवता येतो आणि स्वतःहून हुकाला येऊन भिडतो. ट्रॉली रिव्हर्स घेताना ज्याचं लग्न मोडायची वेळ आली आहे, त्यालाच याची किंमत कळेल. स्टिअरिंग इकडे, ट्रॉली तिकडे, आणि मागे उभा राहून 'आन् दे, आन् दे' म्हणणारा माणूस ऐन वेळी गायब. शिवाय बॅटरीच्या गाड्यांची एक अडचण आहे. बहुतेक चार्जिंगच्या जागा मोटारीच्या मापाच्या, शेपूट लावून आत शिरताच येत नाही. ट्रेलर बाजूला सोडा, गाडी चार्ज करा, परत येऊन जोडा. दिवसात दोनदा हे करायचं असेल तर आपोआप जुळणारा हुक म्हणजे चैन नव्हे.

(दृश्य: पसरणी घाट. खाली वाई, कृष्णेचं पात्र. एक जीप दुसऱ्या गियरमध्ये.)

साताऱ्याच्या बाजूला आलो होतो, म्हणून घाटाचाही हिशेब मांडून बघितला. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा असली घरं कधीतरी इथेही दिसतील असं धरून चालू. वाई ते पाचगणी चढ साधारण पावणेसहाशे मीटरचा. भरलेला ट्रेलर सुमारे ३,४०० किलोचा. तो नुसता वर उचलायला पाच युनिटांपेक्षा थोडी जास्त वीज लागते. ७७ मधली पाच, म्हणजे फार नाही. उतरताना मोटर उलटी चालते, ब्रेकचं काम करते आणि त्यातला बराचसा भाग परत बॅटरीत घालते.

फक्त एक गोम आहे. पाचगणीत रात्रभर चार्जिंगला लावलं, सकाळी बॅटरी काठोकाठ भरून घाट उतरायला लागलात, तर परत आलेली वीज ठेवायची कुठे? भरल्या रांजणात पाणी ओतता येत नाही. मग सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर, आणि ब्रेक तापतात. डोंगरावर मुक्काम असेल तर बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच निघावं. बाकी सत्तावीस फुटी ट्रेलर आणि पुढे एकोणीस फुटांची पिकअप पसरणीच्या वळणांवर समोरून एसटी आल्यावर काय करणार, ते एसटीच्या ड्रायव्हरनंच ठरवलेलं बरं.

घाटाचा विषय निघाला तसे मामा गंभीर झाले. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. उतारावर मागचे दोन डबे ट्रॅक्टरला रेटतात, आणि ड्रायव्हरच्या हातात देवाचं नाव उरतं. त्यामुळे भाचीला त्यांचा पहिला प्रश्न बॅटरीचा नव्हता. "ब्रेक कुनाचे? गाडीचे का मागच्या घराचे? आन् त्येची मोटर बंद पडली, कॉम्प्युटर गेला, तर ब्रेक लागत्यात का न्हाईत?"

दुसरा प्रश्न हुकावरच्या वजनाचा. अमेरिकेतला ठोकताळा असा, की ट्रेलरच्या एकूण वजनातले दहा ते पंधरा टक्के हुकावर यावेत. ३,४०० किलोला ३४० ते ५१०. कमी आले, माल मागे सरकला, की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जातो. दोन चाकी ट्रॉलीत ऊस मागे जास्त भरला की हेच होतं, फक्त सावकाश. नुसती बॅटरीच चार-पाच क्विंटलची. ती एक्सलच्या डोक्यावर बसवलीय की पुढे, पाण्याची टाकी भरल्यावर तोल कुठे जातो, हे भाचीनं विचारायचं. सोफ्याचा रंग नंतर.

आणि तिसरा प्रश्न, ज्यावर ते बराच वेळ बोलले. "उद्या कंपनी बुडली, तर पाना कोन देनार?"

ही भीती उगाच नाही. अमेरिकेत फिस्कर नावाची बॅटरीच्या मोटारी करणारी नवी कंपनी होती. जून २०२४ मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली. हजारो लोकांच्या दारात गाड्या उभ्या, आणि सुटे भाग, सॉफ्टवेअर यासाठी मालकांनाच संघटना बांधून धावपळ करावी लागली. साधा ट्रेलर असता तर कंपनी बुडाली तरी बिघडत नाही. बेअरिंग बाजारात मिळतं, दिव्यांचा सात पिनांचा सॉकेट ठरलेल्या मापाचा असतो, पत्र्याला कुणीही टाका मारतो. पण छत उचलणारी यंत्रणा, मोटरीचा कंट्रोलर, मोबाइलमधलं ॲप यांना दुसरा मायबाप नाही. ॲप ज्या सर्व्हरशी बोलतं तो बंद झाला तर घराचं दार उघडतं का, दिवा हातानं लावता येतो का, हे आधी बघायला हवं. नंबर लावायला भरलेले पैसेही कुठे ठेवलेत ते विचारावं. कंपनी बुडालीच तर आधी तारण ठेवून कर्ज देणारे रांगेत उभे राहतात. गिऱ्हाईक बरंच मागे.

म्हणून नव्या कंपनीकडे फिरकूच नये असं मामांचं म्हणणं नाही. शेडपासून जवळच किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला, तेव्हा तोही कालपरवाचाच कारखाना होता. लोखंडी नांगरानं जमिनीत विष कालवतं म्हणून सुरुवातीला शेतकरी हात लावायला तयार नव्हते, असं सांगतात. "आमच्या आज्यानंबी आदी हसून घेतलं आसंल," मामा म्हणाले. "मग घेतला. पन नांगर मोडला तर सुताराच्या, लोहाराच्या हाताखाली येत हुता. ह्ये येतंय का बघ."

आमचं मत विचाराल तर, भाचीनं मोटरीशिवायचा ट्रेलर घ्यावा. मोठी बॅटरी, वर सोलर, खाली साधी चाकं. बिघडायला जागा कमी आणि हंडा फक्त घरासाठी. पल्ला कमी पडेल, मग दोनशेच्या जागी दीडशे किलोमीटरवर थांबावं. सहलीलाच निघालाय ना? तिच्या नवऱ्याचा जीव मात्र त्या स्वतःहून चालत येणाऱ्या ट्रेलरवर जडलाय. मामांना रिव्हर्सचं आवडलं असल्यानं या बाबतीत ते जावयाच्या बाजूला झुकले आहेत, आणि भाची दोघांवर चिडली आहे.

(दृश्य: संध्याकाळ. शेडमधला एकच दिवा. व्हिडिओ कॉलवर भाची, मागे सकाळचं ऊन.)

इथे सात वाजलेत, तिकडे सकाळचे साडेसात. ती आज ट्रेलर प्रत्यक्ष बघायला जाणार आहे. कंपनीनं पाठवलेले फोटो तिनं मामांना दाखवले. सूर्यास्त, तळं, पांढऱ्या कपातली कॉफी.

"मामा, कसा वाटतोय?"

"वरनं काय बघायचं त्यात. खाली झोप आन् खालनं फोटो काड."

"खाली? मी चांगले कपडे घालून चाललेय, मामा."

"मग गोणपाट ने," मामा म्हणाले. फोन ऐरणीला टेकवून ठेवला आणि पुढच्या ट्रॉलीच्या कडीत अंगठा घातला.