वडिलांकडून येणारा धोका

श्रोतेहो, स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका आईकडून लेकीकडे जातो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. पण बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या जनुकांत दोष असला की हा धोका वाढतो, आणि त्यांपैकी पहिले सतराव्या, तर दुसरे तेराव्या गुणसूत्रावर असते. या गुणसूत्रांचा लिंगनिश्चितीशी संबंध नाही, त्यामुळे सदोष जनुक वडिलांकडूनही येते आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ते मिळण्याची शक्यता 50 टक्के असते.

समुपदेशनात आम्ही कागदावर वंशवृक्ष काढतो: पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ आणि कर्करोग झालेल्याचे चिन्ह भरलेले. मावशीच्या आजाराचे सगळे तपशील लोकांना ठाऊक असतात, पण वडिलांच्या बाजूला आलो की माहिती आटते. आत्या सासरी गेली आणि तिचे आजारपण तिकडेच राहिले. ‘पोटाचं काहीतरी होतं, लवकर गेली,’ एवढेच उत्तर मिळते. ते ‘पोटाचं काहीतरी’ बीजांडकोशाचा कर्करोगही असू शकतो आणि मग तोच दोष वडिलांमार्फत समोर बसलेल्या गृहस्थांपर्यंत आलेला असणे शक्य असते.

अनेक पुरुष या जनुकांची तपासणी मुलीच्या काळजीने करून घेतात. ‘माझं काय व्हायचंय आता, पोरीचं बघा,’ या बोलण्यामागची माया खरी आहे, परंतु अहवाल लेकीच्या हाती दिला की आपले काम संपले असे त्यांना वाटते, आणि मला सर्वांत जास्त चिंता याच क्षणाची वाटते. बीआरसीए-2 मध्ये दोष असलेल्या पुरुषाला वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग होण्याची शक्यता 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 27 टक्के आढळली. शिवाय हा कर्करोग अशा पुरुषांमध्ये अधिक आक्रमक असतो. स्तनाचा कर्करोग एरवी हजारातल्या एखाद्या पुरुषाला होतो, तर या दोषासह शंभरात चार ते सात जणांना होऊ शकतो.

असे आकडे ऐकल्यावर कोणी सर्वस्व गमावल्यासारखा बसतो, तर कोणी ‘म्हणजे बहुतेकांना होतच नाही ना’ म्हणून उठतो. दोघांनाही करायचे असते ते एकच: पस्तिशीपासून स्वतः छाती चाचपून पाहणे, विशेषतः स्तनाग्राच्या मागे न दुखणारी गाठ आहे का ते बघणे, वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घेणे आणि चाळिशीपासून प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्तचाचणी करणे. पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच झाला असे नाही, कारण ग्रंथी नुसती मोठी झाली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तरीही ते वाढते. स्त्रियांपुढे प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. पुरुषांना सहसा तशी शस्त्रक्रिया सुचवली जात नाही, आणि म्हणून ‘आपल्यासाठी काही उपायच नाही’ असा चुकीचा अर्थ ते काढतात. दरवर्षी न चुकता केलेली तपासणी हाच त्यांचा उपाय आहे.

मुलीचे लग्न जमेपर्यंत अहवाल कुणाला सांगू नका, अशी विनंती होते. त्या भीतीला मी क्षुल्लक म्हणणार नाही. परंतु घरातला नेमका दोष एकदा कळला की भावंडांना आणि चुलत भावंडांना फक्त तेवढीच तपासणी पुरते, आणि ज्यांच्यात तो दोष नसतो त्यांना या जादा तपासण्यांची गरज सहसा उरत नाही.