ऑस्ट्रेलियात नोकरी देणारा व्हिसा: ४८२, ४९४ की डामा?

नमस्कार मंडळी. "ऑस्ट्रेलियातला मालक स्पॉन्सर करतोय, पण एजंट म्हणतो अमुक लाख भरा." असं कुणी सांगितलं, तर मी आधी एवढंच विचारतो: व्हिसाचा नंबर कुठला? बहुतेकांना तो माहीतच नसतो. आज तेवढंच बघू.

आधी 'रीजनल' म्हणजे काय ते, कारण पुढे हा शब्द सारखा येणार आहे. आपल्या डोळ्यांसमोर लगेच ओसाड माळरान आणि कांगारू. पण सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडली, तर इमिग्रेशनच्या हिशोबात जवळपास सगळा देश रीजनल आहे.

(पडद्यावर नकाशा)

पर्थ, ॲडलेड, होबार्ट, एवढंच काय, राजधानी कॅनबेरासुद्धा. तेव्हा रीजनल ऐकून लगेच नाक मुरडू नका.

आता नंबर. पहिला ४८२. डिसेंबर २०२४ पासून याचं नाव 'स्किल्स इन डिमांड'. हा देशात कुठेही चालतो, संबंधित कामाचा साधारण एक वर्षाचा अनुभव पुरतो, आणि बहुतेक मालक सुरुवात यानेच करतात.

दुसरा ४९४, खास रीजनल भागासाठी. नोव्हेंबर २०१९ मध्ये आला, १८७ नंबरच्या जुन्या व्हिसाच्या जागी. मुदत ५ वर्षं. यात तीन पायऱ्या आहेत, पहिल्या दोन मालकाच्या. आधी सरकारकडून स्पॉन्सर म्हणून मान्यता. मग त्या पदाचं नॉमिनेशन, म्हणजे 'या जागेसाठी हा माणूस हवा' असा सरकारकडे अर्ज. त्यासाठी जागेची जाहिरात देऊन स्थानिक माणूस मिळाला नाही हे दाखवायचं, आणि पगार बाजारभावाला धरून आहे का यावर त्या भागातल्या अधिकृत संस्थेचा सल्ला घ्यायचा. तिसरी पायरी तुमची, व्हिसाचा अर्ज. साधारणपणे वय ४५ च्या आत, ३ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, स्किल्स असेसमेंट म्हणजे कौशल्याची अधिकृत तपासणी, आणि आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत किमान ६. सांगली-कोल्हापूरकडचे वेल्डर आणि मेकॅनिक हातात कला असून बहुधा इथेच अडतात. तेव्हा कागदपत्रं जमवायच्या आधी इंग्रजीचं बघा.

४९४ चा फायदा असा: ३ वर्षं रीजनल भागात राहून, तिथंच काम करून कर भरला की १९१ या कायमच्या व्हिसाचा अर्ज करता येतो. आणि त्या काळातही मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मिळते, जी ४८२ वर सहसा मिळत नाही. मुलंबाळं घेऊन जाणाऱ्याला ही मोठी गोष्ट आहे. उलट बाजूही ऐका. त्या ३ वर्षांत मध्येच उडी मारून १८६ वगैरे दुसऱ्या कायमच्या व्हिसाकडे वळता येत नाही, काही अपवाद वगळता. मालकाशी नाही पटलं तर दुसरा रीजनल मालक शोधायचा, त्याचं नॉमिनेशन मंजूर व्हायला हवं. त्यासाठी एका वेळी १८० दिवस मिळतात.

तिसरा प्रकार डामा. हा वेगळा व्हिसा नाही, एखाद्या भागाने केंद्र सरकारशी केलेला करार आहे. नॉर्दर्न टेरिटरी, केर्न्सचा परिसर, काल्गुर्लीचा सोन्याच्या खाणींचा पट्टा. तिथं वय, इंग्रजी, पगार यांत थोडी सूट मिळू शकते, आणि नेहमीच्या यादीत नसलेली कामंही चालतात. मात्र सुरुवात मालकानेच करायची. "डामाचा अर्ज करून देतो" असं थेट तुम्हाला म्हणणारा एकतर अर्धवट आहे किंवा लबाड.

आता पैसे. ४९४ च्या नॉमिनेशनसोबत मालकाला ट्रेनिंग लेव्ही, म्हणजे प्रशिक्षणासाठीचा सरकारी आकार, भरावी लागते: वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या खाली असेल तर ३,००० डॉलर, त्याहून जास्त असेल तर ५,०००. ही लेव्ही आणि स्पॉन्सरशिपचा खर्च तुमच्याकडून वसूल करणं बेकायदा आहे. तुमची व्हिसा फी, परीक्षा, असेसमेंट हे तुम्ही भरलंत तर गैर नाही. पण "स्पॉन्सरशिप विकत" मिळत असेल, तर २०१५ पासून तो तिकडे गुन्हा आहे. आणि पैसे देणाराही सुटत नाही, त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. आखाताच्या एजंटांची सवय झालेल्यांना हे पटत नाही, मला कल्पना आहे.

पगाराचीही किमान पातळी आहे, दर १ जुलैला वाढते. जुलै २०२५ मध्ये ती वर्षाला ७६,५१५ डॉलर झाली. ऑफर लेटरमध्ये चालू पातळीहून कमी आकडा दिसला, तर डामाची सूट आहे का ते विचारा. नसेल, तर ते पत्र घेऊन एजंटकडे जाऊ नका. तिथल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटांची सरकारी यादी ऑनलाइन आहे. समोरच्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि तिथं टाकून बघा. क्रमांक मागितल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, तेही बघा.