हळद तपासायचीय? आधी लिव्हरच्या पेशी सांभाळा!

नमस्कार मंडळी! सांगलीत हळदीचे सौदे निघाले की ‘हळद लिव्हरला चांगली’ हे हमखास कानावर येतं. लॅबमध्ये ते तपासायचं, तर माणसाच्या यकृताच्या पेशी हाताशी हव्यात.

गंमत बघा, शरीरात यकृत कापलं तरी पुन्हा वाढतं. त्याच्याच पेशी ताटलीत ठेवल्या की वाढायचं नाव घेत नाहीत, आणि काही दिवसांत आपलं कामही विसरतात. म्हणून सुरुवात बहुधा हेप-जी-टूने होते. ही यकृताच्या कॅन्सरच्या गाठीतून आलेली, म्हणून ताटलीतही वाढत राहणारी पेशी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे अशा पेशींचा साठा असतो.

पेशींची गोठवलेली नळी 37 अंशांच्या पाण्यात धरा. आत हरभऱ्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढा. त्यातलं डीएमएसओ, म्हणजे गोठवताना पेशींना जपणारं द्रावक, वितळल्यावर पेशींना बाधतं. त्या पेशी 9 मिली माध्यमात (पेशींच्या खाद्याच्या द्रवात) थेंबथेंब सोडा, 5 मिनिटं सेंट्रीफ्यूजमध्ये हलक्या वेगाने फिरवा, वरचं पाणी काढून टाका. मग टी-25 फ्लास्क (पेशी वाढवायची चपटी बाटली), 10 टक्के सीरमचं (रक्तातल्या द्रवाचं) माध्यम 5 मिली, आणि इन्क्युबेटर, म्हणजे पेशी उबेत ठेवायची पेटी, त्यात 5 टक्के कार्बन डायऑक्साइड.

खरी कटकट पुढे आहे. हेप-जी-टू गोळे धरते. फ्लास्कचा तळ पेशींनी 70-80 टक्के भरला की ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) घाला, पण फ्लास्क आपटू नका. गोळेच्या गोळे सुटतात. पिपेटने हळूच वर-खाली करून ते फोडा, फेस येऊ देऊ नका. तसेच पेरले तर गोळ्यातल्या मधल्या पेशी उपाशी मरतात, मोजणीही चुकते.

आणि उन्हाळा! साध्या इन्क्युबेटरला फक्त हीटर असतो, गार करायची सोय नसते. लाइट गेली, खोली 38 अंशांवर गेली, की तोही तापणारच. बॅकअप एसीलाही लागतो, हे बजेटमध्ये कुणी धरत नाही.

आता हळद. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, डीएमएसओमध्ये विरघळवा, पण पेशींवर डीएमएसओ 0.1 टक्क्याच्या आसपासच राहू द्या, आणि कंट्रोललाही (कर्क्युमिन न दिलेल्या, तुलनेच्या पेशींनाही) तेवढंच घाला. माध्यमात सीरम नसेल, तर अर्ध्या तासात बहुतेक कर्क्युमिन मोडून जातं.

मग पेशी जगल्या का, हे एमटीटी या रंगद्रव्याने बघतात: पेशी जिवंत असल्या की त्याचा पिवळा रंग जांभळा होतो. पण कर्क्युमिन मुळात पिवळं, शिवाय पेशी नसतानाही ते एमटीटीला जांभळं करू शकतं! म्हणजे पेशी मेलेल्या आणि आकडा मात्र ठणठणीत. म्हणून एमटीटी घालण्याआधी कर्क्युमिनचं माध्यम काढून पेशी धुवा, आणि प्लेटमधले तीन वेल (खळगे) पेशींशिवाय, नुसत्या कर्क्युमिनचे ठेवा. तिथे जांभळं दिसलं, तर त्या प्लेटचा आकडा वहीत चढवू नका.