टाकी रिकामी, विहीर भरलेली: तिसाव्या किलोमीटरला पाय का बसतात?

(बडोदं, कमाटीबाग, सकाळचे सहा. मी सावकाश पळतोय, फोन हातात.)

नमस्कार मंडळी! बघा, मी पळतोय आणि पळता पळता तुमच्याशी अख्खं वाक्य बोलतोय. धाप नाही, अडखळणं नाही. हे ध्यानात ठेवा, याच्याकडे पुन्हा येणार आहे.

(थांबतो. कट्ट्यावर बसतो.)

आधी माझी फजिती सांगतो. गेल्या जानेवारीत मी ठरवलं की इथून आजव्याच्या तलावापर्यंत पळत जायचं आणि पळतच परत यायचं. जाऊन येऊन चाळीसच्या वर. आदल्या रात्री "हलकं बरं" म्हणून नुसतं सूप प्यायलो, सकाळी कोरा चहा. आजी म्हणाली, अरे निदान साबुदाण्याची खिचडी तरी खाऊन जा. मी ऐकलं नाही. हायवे ओलांडल्यावर कॉलेजातली दोन पोरं मागून आली आणि भरकन पुढे गेली. आता बडोद्याच्या रस्त्यावर कुणी पुढे गेलं की आपल्याला राहवतं का? लागलो मागे.

आजवा गाठलं, पाळीवर उभं राहून फोटो काढला, उलटा फिरलो. येताना तिसाव्या किलोमीटरच्या आसपास मांड्यांची लाकडं झाली. दुखत नव्हत्या, ओढत नव्हत्या, फक्त हलायला तयार नव्हत्या. रस्त्याकडेला उसाच्या रसाची गाडी होती. दोन ग्लास सांगितले आणि खिशातून नोटा काढल्या. एक दहाची आणि एक पन्नासची. त्यातली कुठली द्यायची हे मला कळेना. खरंच कळेना. नोटा हातात धरून मी त्यांच्याकडे बघत उभा. रसवाल्याने माझ्या हातातून पन्नासची काढून घेतली, सुटे हातात ठेवले आणि म्हणाला, "धीरे धीरे, भाई."

तर आजचा विषय हाच. माझ्या अंगात तेव्हा ताकद संपली होती का? नाही. इंधन संपलं होतं का? तेही नाही. हिशेब करू.

पळायला साधारण एका किलोला, एका किलोमीटरला, एक कॅलरी लागते. कॅलरी म्हणजे पाकिटावर छापतात ती, किलोकॅलरी. माझं वजन ६८ किलो. म्हणजे तीस किलोमीटरला दोन हजार चाळीस. आणि माझ्या अंगावर चरबी, लाजत सांगतो, तेराएक किलो. एका किलोत सात हजार सातशेच्या आसपास कॅलरी धरा. लाखभर झाल्या! एवढ्यावर माणूस कागदोपत्री बडोद्याहून पुण्याला पळत जाऊन परत येईल, वर उरेल. मग मी आजवा रोडवर का बसलो?

(बाटली उचलतो.)

आपल्या घरात पाणी कसं येतं ते आठवा. म्युनिसिपालिटीचं पाणी ठरल्या वेळी येतं, आपण गच्चीवरची टाकी भरून ठेवतो आणि दिवसभर नळ सोडला की धो धो. शरीरातलं हे टाकीतलं पाणी म्हणजे ग्लायकोजेन, साखरेचा साठवलेला प्रकार. स्नायूंमध्ये मिळून चारशे-पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभरेक. एका ग्रॅमला चार कॅलरी, म्हणजे सगळं तुडुंब भरलेलं असलं तरी दोन-सव्वादोन हजार. तिसावा किलोमीटर आठवला का?

यात एक गंमत आहे. स्नायूची टाकी ही फ्लॅटमधल्या टाकीसारखी, ज्याची त्याला. मांडीतलं ग्लायकोजेन मांडीनंच वापरायचं. दंडात भरपूर शिल्लक असलं तरी ते मांडीला उसनं मिळत नाही, कारण साठवलेली साखर पुन्हा रक्तात सोडायला जे एक एन्झाइम लागतं ते स्नायूत नसतं. ते यकृतात असतं. म्हणून यकृत म्हणजे गावाची मोठी टाकी, सगळ्यांना पुरवणारी. त्यातला सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक मेंदू. त्याला दिवसाला एकशेवीस ग्रॅमच्या घरात ग्लुकोज लागतं. आणि रात्रभर आपण झोपलेलो असताना यकृत त्यालाच पुरवत असतं. म्हणजे सकाळी उठतो तेव्हा गावची टाकी बरीचशी उतरलेली असते. मी वरून ओतलं काय? कोरा चहा. मांडीची टाकी संपली तेव्हा पाय बसले, आणि यकृताची तळाला गेली तेव्हा नोट ओळखता येईना.

मग ती लाखभर कॅलरी? ती विहीर आहे. काठोकाठ भरलेली. पण पाणी काढायला हापसा एकच. चरबी आधी सुटी व्हायची, रक्तातून वाहत यायची, पेशीत शिरायची, मग मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्टीत ढकलली जायची. वर तेवढ्याच ऊर्जेसाठी साखरेपेक्षा जास्त ऑक्सिजन खाणार. त्यामुळे हळू पळा, हापसा पुरतो. जोरात पळा, हापसा कमी पडतो आणि शरीर टाकीचा नळ पूर्ण सोडतं. त्या दोन पोरांच्या मागे लागून मी पहिल्या दहा किलोमीटरमध्येच टाकी उपसली. शर्यत तिथेच हरलो होतो, कळलं तिसाव्याला.

हे कळलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रोम आणि हल्टमन हे दोघे संशोधक स्वतःच एका व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना बसले. एकाचा डावा पाय एका पॅडलवर, दुसऱ्याचा उजवा दुसऱ्यावर. दोघांचा एकेक पाय आरामात. दमेपर्यंत मारली आणि मग सुईने दोन्ही मांड्यांमधून स्नायूचा तुकडा काढून तपासला. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ शून्य, बसलेल्या पायात जसंच्या तसं. मग तीन दिवस भात-बटाट्यासारखं पिष्टमय खाल्लं. राबलेल्या पायात ग्लायकोजेन पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त भरलं. बसलेल्यात काही फरक नाही. एकच तोंड, एकच जेवण, दोन पाय वेगळे! मॅरेथॉनच्या आधी लोक भाताचे ढीग का खातात, त्याचं मूळ हे. आजीची खिचडी बरोबर होती. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च.

रसाचं एक कोडं राहिलं. पहिल्या ग्लासाचे चार घोट गेले आणि लगेच बरं वाटलं. एवढ्यात साखर रक्तात पोचत नाही. २००४ मध्ये सायकलवाल्यांवर एक प्रयोग झाला: पिष्टाचं पाणी तोंडात घोळवायचं आणि थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. तरी तासाभराच्या शर्यतीत त्यांची वेळ सुधारली. तोंडाने मेंदूला निरोप दिला, "माल येतोय", आणि मेंदूने ब्रेक थोडा सैल केला. थकवा नुसता पायात नसतो, मंडळी. पण नुसत्या निरोपावर तिसाव्यानंतरचे दहा किलोमीटर जात नाहीत, हेही मी करून बघितलंय. उरलेलं अंतर रिक्षात.

(कट्ट्यावरून उठतो, चालत.)

आता "दम". आपण म्हणतो दम लागला, आणि बोट फुप्फुसांकडे. निरोगी माणसात फुप्फुसं सहसा कमी पडत नाहीत. मर्यादा येते ती पंपाची, म्हणजे हृदयाची. बसल्या जागी हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. जोरात पळताना वीस. घरी पाण्याचा तो वीस लिटरचा जार येतो ना? तो दर मिनिटाला एक, असा तासभर. आणि या रक्ताची वाटणीही बदलते. आरामात असताना स्नायूंना पाचवा हिस्सा मिळतो, जोराच्या कामात ऐंशी टक्क्यांच्या पुढे. कुणाचं कापून? पोटाचं, आतड्याचं. म्हणून भरपेट सेवउसळ खाऊन पळालात तर ती वर येते. चूक सेवउसळीची नाही.

(कपाळावरून बोट फिरवतो, थेंब खाली पडतो.)

हा थेंब बघा. हा फुकट गेला. अन्नातून जी ऊर्जा निघते तिचा चौथा हिस्सा जेमतेम पळण्याला लागतो, बाकीची सगळी उष्णता. मी तासाला दहा किलोमीटरने पळालो तर तासाभरात पाचशेच्या वर कॅलरी नुसती गरमी. ती बाहेर न्यायची कशी? एक लिटर घाम वाळला की साधारण ५८० कॅलरी घेऊन जातो. म्हणजे एक लिटर घामात काम झालं. पण वाळला तर! टपकला तर तो नुसतं पाणी आणि मीठ घेऊन गेला, उष्णता तशीच अंगात. आता भादव्यातलं बडोदं आठवा, जिथे दोरीवरचा टॉवेल दोन दिवस सुकत नाही. तिथे घाम काय सुकणार?

म्हणून हृदयाला दोन गिऱ्हाइकं सांभाळावी लागतात. स्नायू म्हणतो रक्त दे, कातडी म्हणते मला दे, मला गरमी फेकायचीय. त्यात घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं. दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं, मग ठोके वाढवावे लागतात. माझ्या घड्याळात वेग तोच, रस्ता तोच, पण सुरुवातीला १४२ आणि दीड तासाने १५८. यात घाबरण्यासारखं काही नाही. वेग कमी करा, एवढंच. छातीत दुखलं, चक्कर आली, तर मात्र व्हिडिओ बघत बसू नका, डॉक्टरकडे जा.

मग खूप पाणी प्यायचं? इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर त्यातल्या तेरा टक्क्यांचं सोडियम धोकादायकरीत्या नव्हे तरी नेमापेक्षा खाली गेलेलं होतं. काहींचं तर फारच खाली. त्यांच्यात बरेचसे असे होते की पळताना वजन वाढलं होतं. म्हणजे गेलं त्यापेक्षा जास्त प्यायले. रक्त पातळ झालं की मेंदूला सूज येऊ शकते, जीवावर बेततं. तहान लागेल तसं प्या. लांब पल्ल्याला पाण्यात मीठ-साखर-लिंबू असू द्या.

आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक अॅसिड, म्हणजे लॅक्टेट, साचल्यामुळे ना? दोन वाक्यांत सांगतो, कारण दर व्हिडिओखाली हाच प्रश्न असतो. लॅक्टेट हे इंधन आहे, हृदयसुद्धा ते जाळतं, आणि थांबल्यावर तासाभरात ते रक्तातून साफ होतं. पावागढच्या पायऱ्या उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना धरून उतरता ना, ते स्नायूच्या धाग्यांना उतारावर बसलेल्या बारीक इजांमुळे.

सरावाने काय बदलतं? पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, तोच वेग सोपा वाटायला लागतो. मग महिनोन्‌महिने सावकाश काम चालतं: हृदयाचा डावा कप्पा मोठा होतो, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, भट्ट्या वाढतात. १९६७ मध्ये जॉन होलोझींनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवलं, तर त्यांच्या स्नायूंतल्या या भट्ट्यांची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. आमच्या भाषेत, विहिरीवर आणखी हापसे बसले. त्याच वेगाला चरबी जास्त जळते, टाकी जास्त टिकते.

आणि हे हापसे बसतात ते हळू पळून. जुम्मादादांच्या आखाड्याच्या या गावात जुनी माणसं दमानं घ्या म्हणतात, तेव्हा तो सबुरीचा सल्ला वाटतो. मला तो शब्दशः खरा वाटतो: दम शिल्लक राहील अशा वेगाने घ्या. सुरुवातीला मी बोलत होतो आणि वाक्य पुरं होत होतं, तोच तो वेग. आठवड्यातले बहुतेक दिवस तेवढाच.

तुम्ही म्हणाल, आम्हाला दोन किलोमीटर पळवत नाही. नवरात्रात गरब्याला काय करता मग? रात्री नऊला मैदानात उतरता, बाराला बाहेर येता. सुरुवातीला संथ लय, मग चढती, मध्ये थांबून पाणी, ओळखीचं कुणी दिसलं की गप्पा, पुन्हा गोलात. तीन तास! दुसऱ्या रात्री पोटऱ्या बोंबलतात, नवव्या रात्री तुम्हीच सगळ्यात ताजे. नऊ दिवसांत शरीर किती हुशारीने सावरतं याचा नमुना तुम्ही दर वर्षी स्वतःवर बघताय, फक्त त्याला व्यायाम म्हणत नाही.

(केळं सोलतो.)

यंदा मी पुन्हा आजव्याला चाललोय. रात्री वरण-भात-बटाट्याची भाजी, सकाळी दोन तास आधी पोळी-गूळ, आणि पहिल्या पाऊण तासानंतर दर अर्ध्या तासाला काहीतरी गोड. आतडं तासाला साठेक ग्रॅम ग्लुकोज घेऊ शकतं, एका केळ्यात पंचवीसच्या आसपास पिष्ट. पण पोटालाही सवय लागते, त्यामुळे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग नको.

रविवारी पहाटे साडेपाच, याच फाटकाशी. ज्यांना जमेल तेवढे या, अर्ध्या वाटेतून परत फिरलात तरी चालेल. केळी मी आणतो. पाणी आपापलं आणा.