नावातली अक्षरं आणि जिल्ह्याची लोकसंख्या

मित्रांनो, फळ्याकडे बघा. डावीकडच्या रकान्यात मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांच्या नावांतली अक्षरं मोजून लिहिली आहेत. बीड २, जालना, हिंगोली, नांदेड, लातूर प्रत्येकी ३, परभणी, धाराशिव ४, छत्रपती संभाजीनगर १०. उजवीकडे २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या आहे. हिंगोली सगळ्यांत लहान, पावणेबारा लाखांच्या आसपास. संभाजीनगर सगळ्यांत मोठा, ३७ लाख. दोन्ही रकान्यांचा सहसंबंध, म्हणजे ते किती जोडीनं वाढतात याचं उणे १ ते १ मधलं माप, काढला तर ०.५४ येतो. नाव लांब तेवढी माणसं जास्त!

आता जुनी नावं घ्या. औरंगाबाद ५, उस्मानाबाद ५, बाकीची तीच. जनगणनेतला एकही आकडा हलला नाही, पण सहसंबंध ०.०९वर आला. पुन्हा नवी नावं ठेवा आणि फक्त संभाजीनगरची ओळ झाकून सात जिल्ह्यांचा हिशेब करा. उत्तर येतं उणे ०.४२, म्हणजे आता लांब नावाच्या जिल्ह्यात माणसं कमी! सगळा डोलारा एका ओळीवर उभा होता. घरी वहीत हे करून बघा, हाताला कळलेलं विसरत नाही.

काही वेळा असं एका ओळीवर भागत नाही, सगळाच आलेख जुळतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात २००० ते २००९ या काळात घटस्फोटांचं प्रमाण आणि देशातला मार्गारीनचा, म्हणजे लोण्याऐवजी खातात त्या पदार्थाचा, दरडोई खप यांचा सहसंबंध ०.९९ भरतो. दोन्ही आकडे त्या दहा वर्षांत उतरत गेले, एवढंच. उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञानं १९२६ सालीच हे दाखवलं होतं. इंग्लंड-वेल्समध्ये १८६६ ते १९११ दरम्यान चर्च ऑफ इंग्लंडमधल्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध त्याला ०.९५ मिळाला. आपल्याकडे बोअर खोल गेले आणि मोबाइलही वाढले. वर्षं एकाखाली एक मांडली की ही जोडीसुद्धा झकास जुळेल.

मला जास्त काळजी वाटते ती निवडून दाखवलेल्या जोडीची. आठ जिल्ह्यांचे वीस रकाने घेतले तर १९० जोड्या होतात. आठच ओळी असल्या की ०.७१च्या पुढचा सहसंबंध (अधिक असो वा उणे) पुस्तकी कसोटीत 'लक्षणीय', म्हणजे सहसा योगायोगानं न येणारा, ठरतो, आणि निव्वळ योगायोगानंही शंभरात पाच जोड्या तिथं पोचतात. म्हणजे नऊ-दहा जोड्या आयत्याच मिळाल्या. उद्या बांधावर कुणी आलेख घेऊन आला आणि म्हणाला, आमचं औषध मारलेल्या गावांत सोयाबीनचा उतारा जास्त, तर त्याला विचारा : एकूण गावं किती बघितली, आणि गाळली कोणती? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, आणि घरातला पैसा वाचतो.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला, असं आपल्या घरोघरी म्हणतात. त्यावर हसू नका आणि डोळे झाकून मानूही नका. वाहन ठरतं ते सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून, नवानं भागून उरलेल्या बाकीवरून. यंदा मृग लागायच्या आधीच सगळ्या नक्षत्रांची वाहनं वहीत लिहून काढा आणि खाली सही करा. मग आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा नक्षत्रागणिक शेजारी भरत जा. चुकलेली ओळ खोडायची नाही. पाच-सात पावसाळ्यांची वही झाली की माझ्याकडे या, आपण मिळून हिशेब करू.