बावन्न वजा सत्तावीस

(दृश्य : परिपाठ संपवून मुलं वर्गात शिरताहेत. फळ्यावर तारीख, वार, सुविचार.)

कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची ही शाळा. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात, कारण दोन्ही वर्गांना मिळून बाई एकच. चौथीला गुणाकाराची उदाहरणं सोडवायला लावून बाई तिसरीकडे वळल्यात. फळ्यावर वजाबाकी आहे : ५२ वजा २७.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीच्या पाटीवर उत्तर आलंय, ३५.

बाईंनी फुली मारली नाही. त्या तिच्याशेजारी खाली बसल्या.

"कसं केलंस गं? सांग बघू."

"सातातनं दोन गेले, पाच. पाचातनं दोन गेले, तीन. पस्तीस."

"पण दोन वर आहेत की, आणि सात खाली."

"बारक्यातनं मोठं कसं जाईल बाई? मोठ्यातनंच बारकं काढायचं असतंय."

हे उत्तर नीट ऐकायला हवं. या मुलीनं धांदरटपणा केलेला नाही. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची, हे तिच्या मनावर पहिलीपासून ठसलंय. तोच नियम तिनं इमानानं एककाच्या घरातही लावला आणि दशकाच्या घरातही. ५२ ही एक अख्खी संख्या आहे, तिच्यातून २७ काढायचे आहेत, हे मात्र पाटीवर उभी मांडणी करताना नजरेआड झालं. वजाबाकी शिकणारी मुलं देशोदेशी नेमकी हीच चूक करतात आणि त्यामागचा विचारही हाच असतो. अशा उत्तरावर फुली मारली, तर आपण चुकलो एवढंच पोरीला कळतं. कुठं चुकलो ते तिलाही कळत नाही आणि शिकवणाऱ्यालाही नाही.

(दृश्य : रबर लावलेल्या काड्यांच्या गड्ड्या. कॅमेरा मुलीच्या हातांवर.)

बाईंनी तिच्यासमोर दहा-दहा काड्यांच्या पाच गड्ड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "यातनं सत्तावीस मला दे."

तिनं दोन गड्ड्या दिल्या. दोन सुट्या काड्याही दिल्या. मग हात थांबला. अजून पाच द्यायच्या होत्या आणि सुटी काडी एकही उरली नव्हती. तिनं बाईंकडं पाहिलं. बाई गप्प. थोड्या वेळानं तिनं आपणहून एका गड्डीचं रबर काढलं.

शेजारच्याकडून दशक उसना घेणं म्हणजे हेच. ते आधी बोटांना कळलं, पाटीवर नंतर उतरलं. या सगळ्यात बाई गप्प राहिल्या ते काही क्षण मला फार मोलाचे वाटतात. तिथं "गड्डी सोड की" असं कुणीही सहज बोलून गेलं असतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलानं काड्यांना हातही लावला नाही. "सत्तावीसला तीन दिले, तीस. आणि वीस दिले, पन्नास. वर दोन. पंचवीस." ही रीत त्यानं पाठ्यपुस्तकातून घेतलेली नाही. त्याच्या घरचं किराणा दुकान आहे आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत देताना घरातली माणसं असंच मोजतात. बाईंनी त्याची रीत फळ्यावर उभ्या मांडणीच्या शेजारी लिहिली आणि वर्गाला विचारलं, दोन्हींचं उत्तर एकच का येतं?

(दृश्य : कपिलतीर्थ मार्केट, सकाळ. भाजीचे ढीग, तराजू, सुटे पैसे.)

बाजारातलं गणित आणि वहीतलं गणित यांच्यात केवढी दरी असते, हे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचे हिशोब संशोधकांनी आधी गिऱ्हाईक बनून तपासले. सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग त्याच मुलांना तसलीच आकडेमोड कागदावर दिली, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. बारा वर्षांच्या एका मुलानं ३५ च्या भावानं चार नारळांचे १४० अचूक सांगितले. तीन नारळांचे १०५ त्याला माहीत होते, त्यात त्यानं एकाचे मिळवले. कागदावर ३५ गुणिले ४ करताना त्यानं हातचा दोन आधी तिनात मिळवला, मग चारानं गुणलं आणि २०० लिहिले. बाजारात असा हिशोब त्यानं क्षणभरही खपवून घेतला नसता.

२०२५ साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं. उलट बाजूही दिसली. शाळेत आकडेमोड जमणारी मुलं बाजारातल्या साध्या हिशोबात अडखळली.

कोल्हापूरच्या शिक्षकांना यासाठी लांब जायला नको. गुऱ्हाळं गावात आहेत, मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. चौथीच्या फळ्यावर आज हेच उदाहरण आहे. गुळाचा भाव क्विंटलला ४,००० रुपये धरला, तर ३० किलोच्या रव्याचे, म्हणजे गुळाच्या ढेपेचे, किती? चार हजारचा भाव बाईंनी सोयीसाठी धरलाय. पद्धतशीर त्रैराशिक मांडलं तर ४,००० गुणिले ३०, भागिले १००. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त शिकवलेलं हेच त्रैराशिक. पण गुऱ्हाळघरातली एक मुलगी बोटावर मोजून मोकळी झाली : "धा किलोला चारशे, म्हणजे रव्याला बाराशे." तिला त्रैराशिक येतंच आहे. बाईंचं काम इतकंच, की तिनं तोंडी जे केलं तेच वहीत कसं लिहितात हे तिला दाखवायचं.

इथं पाठांतराबद्दल बोलायलाच हवं. पाढे पाठ हवेतच. आपल्याकडची जुनी मंडळी पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, निम्मे, दीड यांचे पाढे, घडाघडा म्हणायची आणि तराजूसमोर ती कामाला यायची. बारा चोक किती यावरच अडून बसणाऱ्या मुलाला उदाहरणाचा विचार करायला डोकं मोकळं राहत नाही. पण बारा चोक अठ्ठेचाळीस घोकणाऱ्या मुलाला दहा चोक आणि दोन चोक यांची बेरीज करूनही ते काढता यावं. पाढा मध्येच विसरला, तर तोच आधार.

(दृश्य : संध्याकाळचा चौक. शिष्यवृत्तीधारकांच्या अभिनंदनाचे डिजिटल फलक.)

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. आज इथल्या गावांत शिष्यवृत्ती परीक्षा प्रतिष्ठेची असते. जादा तास घेणाऱ्या शिक्षकांच्या कष्टांबद्दल शंकाच नाही. अडचण वेळेची आहे. घड्याळ लावून पर्यायांचे गोल काळे करायचे म्हटलं, की "कसं केलंस?" हा प्रश्न सगळ्यांत आधी गळतो.

जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. बालपण बनारसला गेलं. तिथं घरात फळा होता आणि शिकायला आलेले मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर भाच्यासाठी एखादं अवघड कोडं लिहून ठेवत. भाच्यानं ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत कोडं फळ्यावरच राहायचं.

या शाळेतही फळ्याचा उजवा कोपरा पुसायचा नाही असं ठरलंय. या आठवड्याचं कोडं तिथं आहे : दुकानात फक्त तीन वजनं ठेवायची. त्यांनी १ पासून १३ पर्यंत प्रत्येक पूर्ण किलो तोलता आला पाहिजे. वजनं कोणती?

कुणीतरी १, २ आणि ४ सुचवलं, पण गाडी सातावरच अडली. आज मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलीनं बाईंना गाठून विचारलं, मालाच्या पारड्यात वजन टाकलं तर चालतंय का?

बाई म्हणाल्या, "चालतंय की. करून बघ."