एकाच रानफुलातून

द्राक्षबागांत वावरणाऱ्या नाशिककरांपुढे बोलताना एक सोय असते. 'निवड' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळे मणी धरणारी वेल कोणाच्या तरी नजरेत भरली, तिच्याच काड्या पुढे लावल्या गेल्या आणि तास-ए-गणेश, सोनाका ही नावे घरोघरी पोहोचली. जपानी आयरिस या फुलझाडाची, म्हणजे तिथल्या 'हानाशोबू'ची वाट हीच. फक्त तिथे काडीऐवजी बी पेरले गेले, आणि बियांचे रोप हुबेहूब आईसारखे कधी नसते.

मूळ रानटी जात आयरिस एन्साटा. ओल्या कुरणांत वाढणारी, वेखंडासारख्या पातीची. जांभळ्या फुलाच्या तीन मोठ्या पाकळ्या खाली झुकतात, त्यांच्या बुडाशी पिवळा पट्टा असतो, आणि उरलेल्या तीन पाकळ्या लहान व उभ्या राहतात. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या पदरी असलेल्या मात्सुदाइरा सादातोमो (1773–1856) या सामुराईने आयुष्याची कित्येक दशके बी पेरण्यात आणि रोपे निवडण्यात घालवली. सहा पाकळ्यांचे म्हणून जे वाण आज दिसतात, त्यांत वाढीव असे काही नाही. उभ्या तीन पाकळ्याच मोठ्या होऊन इतरांसारख्या पसरल्या आहेत. शुद्ध पिवळा रंग मात्र या जातीच्या पोटात नव्हताच. त्यासाठी युरोपातल्या पिवळ्या आयरिसशी संकर करावा लागला.

संकराचे काम नाजूक खरे, पण अवघड नाही. या फुलाची कुक्षिवृंते पाकळीसारखी रुंद असतात आणि प्रत्येकीच्या छपराखाली एक परागकोश दडलेला असतो; कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, ही त्या छपराच्या कडेला असलेली पातळ ओठासारखी घडी. फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी कळी अलगद उकलून चिमट्याने तिन्ही परागकोश काढायचे, मधमाशीला टेकायला जागा उरू नये म्हणून झुकत्या पाकळ्याही खुडायच्या, आणि मग दुसऱ्या वाणाचे पराग त्या ओठावर घासायचे. बी पेरल्यापासून फुलापर्यंत दोन-तीन वर्षे जातात आणि बहुतेक रोपे शेवटी खतात जातात. माझ्या मते खरी कसोटी त्या उपटण्यातच आहे.

अमेरिकेत करियर मॅकएवेन यांनी कोल्चिसिन वापरून या जातीची 24 गुणसूत्रे दुप्पट केली. ते संधिवाताचे डॉक्टर होते, आणि कोल्चिसिन हे सांध्यांच्याच एका दुखण्यावरचे जुने औषध! आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही तेच द्रव्य असते, म्हणून तिचा कंद इतका विषारी.

आता नाशिकचे. या आयरिसला आम्लधर्मी माती लागते आणि चुना सोसत नाही. आमच्या कुंडीत चुनखडीची काळी माती आणि बोअरचे जड पाणी होते, तेव्हा नवी पाती पिवळी पडून आली. मात्र जर्मनीत माक्स श्टायगर यांनी चुना सोसणारी रोपे निवडत निवडत त्यांचा वेगळा वंश तयार केला. तेव्हा कोणाला प्रयत्न करायचाच असेल, तर तयार गड्डा विकत आणण्यापेक्षा भरपूर बी पेरावे आणि आपल्याच मातीत जे रोप हिरवे राहील, त्याचे बी पुढच्या वर्षासाठी राखावे.